आडेबाबूंची पायी तपासणी

नेट गेलं की जगभरची माणसं कॉम्प्युटरकडे बघतात. आमच्या ऑफिसात आडेबाबू चपला घालतात.

चपला घालून ते थेट बाहेर पडतात आणि भिंतीतून निघालेल्या काळ्या वायरीकडे मान वर करून चालू लागतात. कॉम्प्युटरला हात म्हणून लावत नाहीत. "बैलाले विचारून काय होते?" हे त्यांचं पालुपद. त्यांचे वाडवडील लमाण, बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरणारे. मुक्कामाला गोणी हलकी लागली तर बैलाला जाब विचारायचा नाही, आल्या रस्त्यानं मागं चालत जायचं, कारण सांडलं ते रस्त्यातच. आता तांड्यावर शेती आहे आणि बाबू सरकारी टेबलावर वरिष्ठ लिपिक आहेत, पण ती गोणी काही त्यांच्या डोक्यातून उतरलेली नाही.

एकदा एक फाइल हरवली. आम्ही कपाटं उपसली. आडेबाबू फाइलच्या रस्त्यानं निघाले: माझं टेबल, साहेबांचं टेबल, शिपायाची खुर्ची, चहाची टपरी. फाइल टपरीवर किटलीखाली सापडली. साहेबांनी चहाच्या गोल डागांना वळसा घालून सही केली.

मी त्या ऑफिसची कॉम्प्युटर ऑपरेटर. कंत्राटी, पण डिप्लोमावाली, त्यामुळे अक्कल तेवढी माझ्याकडे असं माझं ठाम मत. फुलसावंगी सोडून दोन-तीन तांडे ओलांडले की आमचं गाव लागतं. निराधार योजनेतले म्हातारे-म्हाताऱ्या वर्षातून एकदा आमच्याकडे येतात, मशीनवर अंगठा ठेवतात आणि नेटवरून उत्तर आलं की आपण जिवंत असल्याचा दाखला घेऊन जातात.

यंदा गणपती उठले आणि नेटनं छळ मांडला. सकाळी दहाला ठणठणीत, अकराला गुल, दुपारी तीनला आपोआप परत. त्यातही पावसाच्या दिवशी झकास चालायचं आणि लख्ख ऊन पडलं की मान टाकायचं. मी आजवर याच्या उलटच बघितलं होतं. कॉम्प्युटर बंद-चालू करून झाला, राउटर बदलला, वायरीची टोकं नवी बसवली, शेवटी उदबत्तीही लावली. यवतमाळहून तंत्रज्ञ बोलावला, तो आला दुपारी चारला. तेव्हा नेट गुणी बाळासारखं चालू. "काहीच प्रॉब्लेम नाही" म्हणत तो सही घेऊन गेला.

मग वरून पत्र आलं. शुक्रवारपर्यंत नेट सुधारलं नाही तर अंगठ्याचं मशीन तालुक्याला, महागावला हलवा. म्हणजे म्हाताऱ्यांनी दोन गाड्या बदलून तिकडं जायचं. ओट्यावर बसलेल्या एका आजीनं ते ऐकलं आणि म्हणाली, "मी जित्ती हाव हे सांगाले महागावले कायले जाऊ? इथंच पाह्य ना मले नीट."

पत्र वाचून आडेबाबूंचा चेहरा मात्र उतरला. "पोरी, मशीन इथून जाऊ द्याची नाही," एवढंच म्हणाले. मला वाटलं, साहेबांची भीती.

गुरुवारी अकराला नेट गेलं. बाबूंनी चपला घातल्या.

"फोन चालू ठेव. नेट आलं का आलं म्हण, गेलं का गेलं म्हण. अक्कल नोको लावू."

मी हसू दाबून फोन कानाला लावला. त्यांचं धावतं वर्णन सुरू झालं. शाळा झाली. पिठाची गिरणी झाली. मारुतीचा पार झाला. मग ते थांबले.

"काय करून राह्यली, मंदाबाई?"

"गोधड्या वाळवून राह्यली बाप्पा. सोमवारी घट बसून राह्यले ना."

नवरात्राआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं, ही आपली रीत. आमची वायर मंदाबाईंच्या अंगणावरून झोळ पडून गेली होती आणि तिच्यावर चार ओल्या गोधड्या होत्या. ओली गोधडी उचलताना माणसाची कंबर धरते. खांबावरच्या जोडाला ओढ बसायची, नेट जायचं. दुपारी गोधड्या वाळून हलक्या झाल्या की जोड पुन्हा जागेवर. पावसात गोधडी कोण धुणार? आज मंदाबाईंच्या, काल जावेच्या, परवा शेजारणीच्या. सगळी गल्ली आमच्या वायरीवर वाळत होती.

"उचलल्या," फोनमधून बाबूंचा धापा टाकणारा आवाज आला.

"आलं!" मी ओरडले.

"ठेवल्या."

"गेलं."

असं पाच वेळा झालं. शेवटी मंदाबाईच म्हणाल्या, "बाबू, ठेवा तरी नाही तं घ्या तरी, सारं पाणी तुमच्या अंगावर गळून राह्यलं. आन सरकारी तार हाय म्हणून तं मी भरवशानं वाळू घातलं."

बाबू रागावले नाहीत. दुकानातून नायलॉनची दोरी आणली, कडुनिंबापासून पडवीच्या खांबापर्यंत ताणून बांधली, गोधड्या स्वतः तिच्यावर टाकल्या. मग वायरमनला गाठून जोड पक्का करून घेतला आणि वायर उंच ओढून घेतली. ऑफिसात परतले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत चिंब होते. आम्ही सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. साहेबांनी स्वतःच्या खिशातून चहा सांगितला, हे यापूर्वी कधी घडलेलं नाही. मी डिप्लोमासकट हार मानली.

शुक्रवारी लख्ख ऊन होतं आणि नेट एकदाही अडलं नाही. दुपारी वरून फोन आला, मशीन राहू द्या.

रांगेत शेवटी लाल पागोट्यातला एक म्हातारा होता. तो दारात दिसताच आडेबाबूंनी रजिस्टर उघडून त्यात तोंड घातलं. म्हाताऱ्यानं अंगठा ठेवला, पडद्यावर नाव आलं: शिवलाल हिरामण आडे. आमच्या बाबूंचं नाव मोतीलाल हिरामण आडे. म्हातारा दाखला घेऊन बाबूंच्या टेबलाला वळसा घालून निघून गेला.

"झालं त्याचं?" बाबूंनी रजिस्टरातूनच विचारलं.

"झालं."

"तब्येतीनं कसा वाटला?"

"बारीक आहेत. खोकत होते थोडे."

"भिया हाय माहा," ते म्हणाले. तांड्यावर भावाला भिया म्हणतात. "शेताच्या धुऱ्यावरून, हातभर बांधासाठी भांडलो. अकरा वर्षं झाली, बोलणं नाही, जाणंयेणं नाही. अंगठा लावाले येते तेवढाच दिसते. मशीन महागावले गेली असती तं तो हाय का नाही, हेही मले समजलं नसतं."

त्यांच्या चपलांना मी इतके दिवस हसले, त्याची मला लाज वाटली. "तुम्हीच बोलून टाका ना, बाबू," मी म्हटलं.

"मोठा तो हाय. त्यानं बोलावं." मग रजिस्टर मिटून, "त्या दाखल्याची एक प्रत मले काढून दे."

मी काढून दिली. बाबूंनी चष्मा लावला. 'सदर व्यक्ती हयात आहे' या ओळीखाली बोट ठेवून त्यांनी ती सावकाश वाचली, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली.