बेरेलच्या कपाटातलं खमीर

पेसाख या यहुद्यांच्या बिनखमिराच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी ओस्नात मेणबत्ती, पीस आणि लाकडी चमचा घेऊन घरभर पावाचा कण शोधत हिंडत होती आणि तिची सासू झेल्दा नवऱ्याच्या, बेरेलच्या, कपाटाला पाठ लावून उभी होती.

"आई, जरा सरकता?"

"हे बाबांचं कपाट आहे. यात कुठला आलाय पाव?"

"खमीर म्हणजे पाप. पापाला कपाट चालतं, खिसा चालतो, काहीही चालतं."

"मग सात आठवड्यांनी शवुओतच्या सणाला खमिराचे दोन पाव देवापुढे कशाला धरायचे?"

"ते तेव्हा. आत्ता घरात कण दिसला तर फेकणार, सांगून ठेवते." ओस्नातने मेणबत्ती कपाटाच्या फटीपाशी नेली. ज्योत उगाच आत ओढल्यासारखी वाकली. ओस्नात क्षणभर थांबली, नाक मुरडलं आणि पुढे गेली.

झेल्दाने सुस्कारा सोडला. कपाटात, बेरेलच्या बुटांमागे, तिच्या आईची खमिराची बरणी होती. आईने ती रुमानियाहून बोटीतून शालीखाली झाकून आणली होती. येशुआला, म्हणजे येशूला, मानणाऱ्या त्यांच्या यहुदी मंडळीत दरवर्षी शवुओतला जे दोन पाव उंचावले जात, ते याच खमिराचे. पण पेसाखला ते घरात ठेवायचं नाही आणि फेकलं तर आईबरोबर सगळंच गेलं. आजवर हा घोर तिला नव्हता. सण आला की बेरेल म्हणायचा, "मी बघतो." बरणी नाहीशी व्हायची आणि सण उतरला की फुगलेली, टवटवीत परत यायची. झेल्दाने कधी विचारलं नाही. न विचारण्यावरच त्यांचा संसार इतकी वर्षं टिकला होता.

या हिवाळ्यात बेरेल गेला आणि बघणारं कुणी उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाळवंटाकडून शराव, तो उन्हाळी गरम वारा, सुटला. हायफाच्या त्या उतारावरच्या घरात भिंतीसुद्धा तापल्या. खाली समुद्र असूनही वारा कोरडा, भट्टीतून आल्यासारखा. झेल्दा सकाळी बाजारातून सणाच्या ताटासाठी कडू भाजी घेऊन आली, तीही वाटेतच कोमेजली. उकाड्यात खमीर दुप्पट चढतं, या विचाराने तिने कपाटाचं दार आणखी घट्ट लावलं.

संध्याकाळी पेसाखच्या जेवणाला पाहुणा एकच, अव्नेर. मंडळीचा वडीलधारा आणि बेरेलचा जुना दोस्त. टेबलावर मध्यभागी जवाची पहिली पेंढी ठेवली होती, रविवारी मंडळीत उंचावायला. अव्नेरने तीन मात्सांमधली, बिनखमिराच्या भाकऱ्यांमधली, मधली उचलली, मोडली, अर्धी पांढऱ्या कापडात गुंडाळली आणि रीतीप्रमाणे लपवायला उठला. झेल्दा तेव्हा स्वयंपाकघरात सूप ढवळत होती.

"कुठं लपवलीत?" गिदोनने, झेल्दाच्या मुलाने, तो परतल्यावर विचारलं.

"माझ्या दोस्ताच्या कोटाच्या खिशात. त्यालाही आजच्या रात्रीत वाटा नको?"

सूप टेबलावर आणून ठेवणाऱ्या झेल्दाच्या हातातला डाव खाली पडला. बिनखमिराची पवित्र मात्सा आणि तिची बरणी, दोघी एका कपाटात!

अव्नेर बोलू लागला की थांबत नसे. "ही मात्सा मोडली, गुंडाळली, लपवली. येशुआचंही तसंच झालं. आणि ती परत टेबलावर येते, तसा तो आला. ही पेंढी बघा. शेतातून पहिली निघालेली. तो मेलेल्यांतून उठणाऱ्यांतला पहिला. पहिला म्हणजे काय? मागून बाकीचेही उठणार. आपला बेरेलसुद्धा—"

घर्र, असा आवाज आला.

बोळातून, कपाटाकडून. एक लांब ओढ, मध्ये अडकणं आणि मग बारीक शीळ. जवाची कुसळं थरथरली. मेणबत्त्या एका बाजूला झुकल्या.

"खिडकी लावलीय ना?" गिदोन हळूच म्हणाला.

"लावलीय," ओस्नात म्हणाली. तिचा चेहरा मात्सासारखा पांढरा पडला होता.

पुन्हा तोच आवाज. त्या घरात तो आवाज न ओळखणारं कुणी नव्हतं. चाळीसहून जास्त वर्षं झेल्दा त्याच्या शेजारी झोपली होती.

"आई, बाबांसारखं..."

"गप रे! लाकूड जुनं आहे. मी सूप आणते."

सूप टेबलावरच होतं. झेल्दा बोळात गेली. बरणी फसफसतेय हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी कपाटाच्या फटीला तोंड लावल्यावर ओठांवर आलं ते जन्मभराचं सवयीचं वाक्य.

"बेरेल, कूस बदल."

आवाज थांबला. आतून काहीतरी सरकल्यासारखं झालं आणि मग अगदी शांत. खमीर बसलं, असं मनाशी म्हणत ती रुमालाने मान पुसत परतली.

जेवणं झाली. आता लपवलेली मात्सा आणल्याशिवाय द्राक्षारसाचा पुढचा पेला उचलता येईना आणि बोळात जायला कुणी उठेना.

"अव्नेरकाका, तुम्हीच ठेवलीत, तुम्हीच आणा," गिदोन म्हणाला.

"मी म्हातारा माणूस. मुलाने आणायची असते."

"आत्ता तर उठण्याबिठण्याचं जोरात सांगत होतात!"

"उठतील रे. पण माझ्या तोंडावर दार उघडून उठावं असं थोडंच म्हटलंय मी?"

शेवटी सगळेच निघाले, अव्नेर पुढे, त्याचा शर्ट धरून गिदोन आणि सर्वांत मागे झेल्दा. दार उघडलं. काळा कोट हँगरवर किंचित हलत होता. खिशात मात्सा होती, कापडासकट. खाली बूट होते. बुटांमागे काहीच नव्हतं.

झेल्दाने वाकून पाहिलं. नुसता बरणीच्या बुडाचा गोल डाग.

म्हणजे ओस्नातला सापडली. म्हणजे फेकली. विचारावं तर लपवल्याची कबुली, न विचारावं तर रात्रभर घोर. अव्नेरने दिलेला मात्साचा तुकडा ती नुसता चावत राहिली. बोटीतून आलेलं, आईच्या हातचं खमीर असं कचऱ्यात गेलं!

"चला, आता रीतीप्रमाणे एलियाहू संदेष्ट्यासाठी दार उघडा," अव्नेर म्हणाला.

गिदोनने दार उघडलं आणि किंचाळला.

उंबऱ्याबाहेर अंधारात एक ठेंगणी आकृती उभी होती. तिच्या हातातून पांढरं, जाड काहीतरी लोंबत होतं.

"ओरडतोस काय मेल्या? मी आहे, जमीले!" खालच्या मजल्यावरची अरब शेजारीण होती ती, ख्रिस्ती. "झेल्दा, अगं तुझी ठेव उतू गेली! माझ्या ओट्यावर, फडताळात, मांजरावरसुद्धा. मोठं भांडं दे आधी."

"आत नको! आत नको!" अव्नेर दोन्ही हात पसरून धावला.

"कोण येतंय आत? इतकी वर्षं सांभाळतेय, मला शिकवू नका. बेरेल नेहमी उंबऱ्याबाहेरच घ्यायचा."

झेल्दा उंबऱ्यापाशी आली. ते आईच्या बरणीतलंच खमीर होतं. "बेरेल? तुझ्याकडे ठेवायचा?"

"मग काय समुद्रात? दर पेसाखला."

"आणि या वर्षी कुणी आणली?"

ओस्नात लाल झाली. "मी. काल रात्रीच वास आला होता मला. आज सकाळी तुम्ही बाजारात गेलात तेव्हा खाली नेऊन दिली. बाबांनी दवाखान्यात सांगून ठेवलं होतं. म्हणाले, झेल्दाला कळू देऊ नकोस. परक्याचा हात लागला तर खमीर रुसतं, असं तिची आई म्हणायची."

"रुसतं?" जमीले मांजराचा विचार करून म्हणाली. "याला जरा रुसायला सांग!"

झेल्दाला हसू आलं आणि डोळेही भरले. मोठं भांडं तिने स्वतः खाली नेऊन दिलं.

शवुओतला मंडळीत दोन पाव उंचावले गेले. एक झेल्दाने भाजला होता, एक जमीलेने. एक यहुदी, एक बिगर-यहुदी, दोघांत खमीर आहे तरी देवापुढे दोघं एकत्र, असं अव्नेर दरवर्षी सांगे. त्या वर्षी त्याने नुसतं दोघींकडे बोट दाखवलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच लवकर खाली बसला.

पण पेसाखच्या त्या रात्रीच, सगळे पांगल्यावर, भांडी आवरता आवरता गिदोनचा हात थांबला होता.

"आई, बरणी सकाळपासून खाली होती. मग कपाटात..."

"ताट पूस," झेल्दा म्हणाली.

शवुओतच्या संध्याकाळी तिने दोन्ही पावांचा एकेक तुकडा घरी आणला, रुमालात गुंडाळला आणि काळ्या कोटाच्या खिशात ठेवला.

पुढच्या पेसाखला ओस्नात मेणबत्ती घेऊन कपाटापाशी आली तेव्हा झेल्दा आपणहून बाजूला झाली. ओस्नातने कोटाचा खिसा उलटा केला. रुमाल निघाला, नीट घडी घातलेला. पीस फिरवलं, चमचा खाली धरला. एक कण पडला नाही.

"आई, यात काही ठेवलं होतंत का?"

"पाव ठेवला होता."

"मग इतकं स्वच्छ कसं?"

झेल्दाने कोट सारखा केला, खांद्यावरची धूळ झटकली.

"तुझ्या सासऱ्यांनी ताटात कधी काही टाकलंय का?"