उपाशी सासूबाई आणि ओस पडलेले गाव

सत्य जगापुढे दोन प्रकारांनी येते : एक, आपणहून; दोन, माझ्यामुळे. पहिला प्रकार माझ्या पाहण्यात अद्याप आलेला नाही.

माझे नाव ऑर्व्हिल पेनहॅलो. सिडनीच्या ज्या उपनगरात मी एकतीस वर्षे वाहनतळ-निरीक्षक होतो, तेथे आजही मी रस्त्याने निघालो की माणसे खाली पाहू लागतात. आदराने, असा माझा कयास आहे. निवृत्तीनंतर मी गुन्हेगारीकडे वळलो. म्हणजे तिच्या अन्वेषणाकडे. माझे नाक तीक्ष्ण, स्मृती अथांग आणि दृष्टी घारीची आहे. माझी पत्नी ब्रॉन्विन म्हणते की, या घारीला स्वतःचा चष्मा सापडत नाही. यात विसंगती नाही. चष्मा सापडेपर्यंतच काय ती अडचण असते.

प्रस्तुत प्रकरणातील पीडित व्यक्ती म्हणजे माझ्या सासूबाई मेव्हिस. वय ब्याऐंशी, उभा जन्म व्हिक्टोरियातल्या गव्हा-मेंढ्यांच्या मुलखात गेलेला. जानेवारीमध्ये सासरे लेन वारले. शेत विकले गेले, सासूबाई आमच्या घरी आल्या आणि त्यांनी जेवण सोडले. त्यात उपोषणाचा आवेश नव्हता. चहा, एखादे कोरडे बिस्किट, आणि "मला भूक नाही गं" एवढेच. समोरचे ताट दुसऱ्याच कुणाच्या पत्त्यावर जायचे होते आणि चुकून येथे आले, अशा परक्या नजरेने त्या त्याच्याकडे पाहत बसत. चार महिन्यांत त्यांच्या अंगावरचे कपडे त्यांच्यापासून दूर सरकत गेले.

मग पर्थला, माझ्या मेहुण्याच्या घरी, त्यांना पणती झाली. सासूबाई प्रथमच एक पूर्ण वाक्य बोलल्या : "मला तिला बघायचंय, आणि विमानात मी बसणार नाही."

म्हणून आम्ही पूर्वेचा समुद्र मागे टाकून पश्चिमेच्या समुद्राकडे निघालो. चार हजार किलोमीटरांचा रस्ता. चालक ब्रॉन्विन, मार्गदर्शक मी.

पहिल्याच दिवशी मी गुन्ह्याचे मर्म ओळखले. हमरस्त्यावरच्या प्रत्येक खाणावळीत सासूबाई फळ्यावर पाईचे, म्हणजे मांस भरलेल्या भाजक्या पारीचे, दर वाचत आणि पर्स काखोटीला मारून उठत.

"एका पाईचे चौदा डॉलर? आत मेंढी घातलीय की मेंढवाडा?"

निष्कर्ष उघड होता. सासूबाईंचा घास भावापाशी अडला होता. स्थानिक आणि स्वस्त अन्न सापडताच त्यांची भूक पिंजऱ्यातून सुटणार होती. मी वही उघडली आणि पहिले सूत्र लिहिले : ट्रकवाले जिथे थांबतात, तिथे चांगले आणि स्वस्त खायला मिळते.

या सूत्रानुसार आम्ही एका ट्रकचा त्रेपन्न किलोमीटर पाठलाग केला. त्याने हमरस्ता सोडला, आम्हीही सोडला. तो कच्च्या वाटेला लागला, आम्हीही लागलो. अखेर तो एका कत्तलखान्याच्या फाटकाशी थांबला आणि त्यातून तीनशे मेंढ्या उतरल्या.

"इथे जेवायचंय?" ब्रॉन्विनने विचारले.

"सूत्र बरोबर आहे," मी म्हणालो. "आपण थोडे लवकर पोहोचलो."

तिसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता आम्ही टॉमकिन्स वेल या गावी आलो. धान्याची उंच कोठारे, एक रुंद रस्ता, आणि त्यावर जुलैचे, म्हणजे इथल्या हिवाळ्याचे, पातळ, उष्टावल्यासारखे ऊन. ब्रॉन्विनने गाडी थांबवली, पण हात सुकाणूवरच ठेवले.

"ऑर्व्हिल, नीट ऐक. इथून पुढे हजारबाराशे किलोमीटर नुसतं माळरान आहे. झाड नाही, डॉक्टर नाही. काल गाडीतून उतरताना आईचा तोल गेला. आज संध्याकाळपर्यंत तिने पोटभर खाल्लं नाही, तर मी गाडी सिडनीकडे वळवणार. पणती फोनवर बघेल ती."

"मी मागेच बसलेय, ब्रॉन," मागून आवाज आला. "कान शाबूत आहेत माझे."

"मग दातही असतील. वापर ना."

सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिले. त्यांच्या मांडीवर पणतीसाठी विणलेला टोपरेवजा पिवळा ऐवज होता, आणि त्याचा सुटलेला एक टाका त्यांच्या बोटांना सापडत नव्हता. ते मी पाहिले आणि, मी कबूल करतो, त्या क्षणी वहीत काहीही लिहिले नाही.

मी खाली उतरलो.

बेकरी बंद होती. पब बंद होता. किराणा दुकान बंद, मासे तळून विकणाऱ्याचे दुकानही बंद. मी बेकरीच्या भिंतीला तळहात लावला. भिंत कोमट होती! म्हणजे भट्टी सकाळी पेटली होती आणि मग अकस्मात माणसे नाहीशी झाली होती. रस्त्यात चिटपाखरू नव्हते. एका अंगणात दोरीवर निम्मेच कपडे वाळत होते. उरलेले खालच्या टोपलीत ओलेच पडले होते.

"विषबाधा," मी गाडीशी येऊन हलक्या आवाजात म्हणालो. "सामुदायिक. बेकरीतूनच. सगळ्या गावाला एकदम इस्पितळात हलवलेलं दिसतंय."

"कुठल्या?" ब्रॉन्विन म्हणाली. "या भागात डॉक्टर नाही, इस्पितळ नाही म्हणूनच मी मघापासून ओरडतेय."

हा मुद्दा मी उदारपणे स्वीकारला आणि दुसरा सिद्धांत मांडला. हमरस्त्यावर चौदा डॉलरांना पाई विकणारा जो कुणी अज्ञात सम्राट असेल, त्याने स्पर्धा संपवण्यासाठी गावातल्या सगळ्या स्वयंपाक्यांना पळवून नेले होते.

"आणि गिऱ्हाइकांना?"

"साक्षीदार म्हणून."

"आणि त्यांच्या गाड्यांना?"

मी वळून पाहिले. खरोखर, गावात एकही गाडी नव्हती. अपवाद एक : चाके नसलेली, विटांवर टेकवलेली, उघड्या हौद्याची गाडी, आणि तिच्या हौद्यात बसलेला एक म्हातारा मेंढपाळ कुत्रा. मी त्याची उलटतपासणी घेतली. घटनेच्या वेळी तो कोठे होता, मालक कोणत्या दिशेला गेला, त्याला धमकावले गेले आहे काय. त्याने जांभई दिली. ती जांभई पश्चिमेकडे तोंड करून दिलेली होती, याची मी नोंद घेतली.

तिसरा सिद्धांत वणव्याचा होता. वणवा लागला की गावे अशीच रिकामी करतात. तो मी बेकरीच्या दाराला रेलून, दूरवर धूर शोधत, बराच वेळ विस्ताराने मांडला. थंडीने माझ्या नाकाचे टोक बधिर झाले होते आणि आदल्या रात्रीच्या पावसाने रस्त्याकडेला डबकी साचली होती, एवढे दोनच पुरावे त्याच्या विरुद्ध होते.

गाडीचे मागचे दार उघडले. सासूबाई हळूहळू, दाराला धरून, खाली उतरल्या.

"ऑर्व्हिल, आज वार कोणता रे?"

"शनिवार, आई."

"महिना?"

"जुलै. तुम्हाला चक्कर येतेय का?"

"मग?"

"मग काय?"

कुंपणाच्या तारेत डोके अडकवून बसलेल्या मेंढीकडे पाहावे तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"अरे माझ्या शहरी बाळा! फुटबॉल! आज यांचा सामना बाहेरगावी आहे. गावात असता तर तुला पाय ठेवायला जागा मिळाली नसती. सगळं गाव उठून सामन्याला गेलंय. बेकरीवाला बहुतेक बचावफळी सांभाळत असेल आणि पबवाला गोल मारत असेल."

"पण नेमके कोणत्या गावी गेले, हे शोधायला मला किमान—"

"कूनाबीला. दारावर हंगामाचं वेळापत्रक चिकटवलंय. सिद्धांत मांडताना मघापासून तू त्यावरच कोपर टेकलायस."

मी कोपर उचलले.

कूनाबी पंचेचाळीस किलोमीटरांवर होते. मैदान दुरूनच ओळखू आले : भोवतीच्या कठड्याला नाके लावून शंभरेक गाड्या गोलाकार उभ्या होत्या, आणि गोल झाला की सगळ्या मिळून भोंगे वाजवत होत्या. त्या आवाजाने आभाळ जरासे वर सरकल्यासारखे वाटे. एका टोकाला पत्र्याची खोली होती, तिला एक खिडकी, आणि खिडकीतून वाफेचा व ग्रेव्हीचा वास. फळ्यावर खडूने लिहिले होते : पाई पाच डॉलर, सूप तीन.

"पाच डॉलर!" मी विजयाने म्हणालो. "आई, वाचलंत?"

सासूबाईंचे लक्षच नव्हते. त्या खिडकीच्या आत पाहत होत्या. आत दोनच बाया होत्या. एक पाई काढून देत होती. दुसरी, रेलीन नावाची घामाघूम झालेली तिशीची बाई, सँडविचच्या पावांवर लोणी फासत होती. बाहेर रांगेत चाळीस माणसे होती.

"थंडगार लोणी असं रेटलंस तर पाव फाटणारच, पोरी," सासूबाई म्हणाल्या.

रेलीनने मान वर केली नाही. "तिसरी बाई आज बाळंत होतेय, मावशी. बाहेर उभं राहून अक्कल पाजळण्यापेक्षा आत येऊन लोणी लावा की!"

मला वाटले, सासूबाईंचा अपमान झाला. मी पुढे सरसावलो, तोवर बाजूचे दार उघडून त्या आत गेल्याही होत्या. खुंटीवरचा एप्रन त्यांनी न बघता काढला आणि कमरेला दोन वेढे घेऊन बांधला.

"ब्रॉन," मी पुटपुटलो, "हे उघडउघड अपहरण आहे."

"गप्प उभा राहा, ऑर्व्हिल."

आतून आवाज येत होते.

"लोणी शेगडीशेजारी ठेव. हं. आणि सॉसची बाटली उलटी करून ठेवायची गं, कुणी शिकवलं नाही का तुला?"

"आमच्याकडे शिकवणाऱ्या सगळ्या पेन्शनीत गेल्या, मावशी. तुम्ही कुठल्या?"

"मॅलीच्या, व्हिक्टोरियातल्या. अडतीस हिवाळे कॅन्टीन केलंय. माझा लेन पंच होता. अर्धं मैदान त्याला शिव्या घालायचं, मीसुद्धा."

रेलीन खदखदून हसली. सामन्याच्या चार डावांपैकी तिसरा संपला आणि गर्दी खिडकीवर लोटली. सासूबाईंचे हात चालत होते. मग गर्दी ओसरली, आणि ब्रॉन्विनने माझा दंड इतका आवळला की मी कळवळलो.

पाई गरम ठेवण्याच्या पेटीमागे सासूबाई उभ्या होत्या. ज्या पाईचे कवच फुटते ती विकता येत नाही. तसली एक त्यांच्या हातात होती. रेलीनला काहीतरी ठासून सांगता सांगता त्या ती उभ्याउभ्या खात होत्या. हनुवटीला सॉस लागला होता. ती संपली, तेव्हा त्यांनी सहज हात मागे नेऊन दुसरी उचलली.

ब्रॉन्विनने तोंड मैदानाकडे फिरवले आणि बराच वेळ ती गोलांच्या खांबांकडे पाहत राहिली.

मी वही काढली. "स्वस्ताईचा सिद्धांत," मी लिहिता लिहिता म्हणालो, "निर्विवाद सिद्ध."

"तिने भाव विचारलाच नाही, ऑर्व्हिल," ब्रॉन्विन न वळता म्हणाली. "चार महिने आपण तिला राणीसारखं बसवून ठेवलं. मी तिला एक बटाटासुद्धा सोलू दिला नाही."

भोंगे वाजले. कुणीतरी गोल केला होता. मी वहीतली ओळ खोडली; पेन्सिलीचे टोक मोडले, म्हणून पुढे काही लिहिता आले नाही.

मग मीही रांगेत उभा राहिलो, कारण सकाळपासून मीही उपाशी होतो आणि ही बाब कुणाच्याच तपासात आलेली नव्हती. वीस मिनिटांनी खिडकीशी पोहोचलो.

"पुढे! काय हवं?"

"आई, मी ऑर्व्हिल."

"दिसतंय. काय हवं?"

"एक पाई."

"संपल्या. शेवटची मी खाल्ली." त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले. "तळाला थोडं सूप आहे, ते देते. पण आधी आत ये आणि बाह्या सार. ते मोठं पातेलं करपलंय, ते घास. आणि ब्रॉनला सांग, सगळं गाव पंपावर रांग लावायच्या आत पेट्रोल भरून घे म्हणावं. सकाळी पश्चिमेला निघायचंय."