गोदाक्कांची हिमालयाची फाईल

आमच्या शेजारच्या गोदाक्का पाठीवर दहा किलो रागी, म्हणजे नाचणी, बांधून भांडी घासतात. पोतं नाही हं, चांगली निळी सॅक, छातीवर पट्टा आवळलेला. तशाच त्या कपडे वाळत घालतात, तशाच तुळशीला पाणी घालतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझं लग्न होऊन आठच दिवस झालेले. मला वाटलं बाईला कुणीतरी घराबाहेर काढलंय नि ती सामान घेऊन निघालीय, म्हणून धावत जाऊन मी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगितलं. आत्याबाई भाजी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ती हिमालयात निघालीय. मी विचारलं, आत्ता? तर म्हणाल्या, नाही, गेल्या वर्षापासून.

आता माझी चिन्नी तीन वर्षांची झाली. गोदाक्का अजून निघतच होत्या.

ह्या आमच्यातल्याच, मराठी. पणजोबा की खापरपणजोबा इथल्या राजाच्या घोडदळात होते म्हणे. स्वतः पिरियापट्टणच्या तालुका ऑफिसात जन्मभर कारकून होत्या. यजमान गेले, नोकरी संपली, मत्ते, मग, इथं शहरात आमच्या विजयनगर वस्तीला येऊन एकट्या राहिल्या. नोकरी संपली म्हणजे आपल्यासारख्यांसाठी संपली. त्यांची चालूच आहे. हिमालयाची त्यांनी फाईल केलीय, लाल फितीची, वर नंबर घातलेली. सहा दिवसांची चढाई, बरोबर गाईड, रोज किती चालायचं, कुठं मुक्काम, कुठल्या मुक्कामाला कुठला मोजा, सगळं त्यात. बूट घेतले तेसुद्धा तीन दुकानांची कोटेशनं मागवून. ते बूट पायात मुरावेत म्हणून त्या साडीवर बूट घालून देवळात जायच्या. देवळाबाहेर आमच्या चपला चोरीला गेल्या, त्यांचे बूट तिथंच.

मला त्यांनी न विचारता चढाईच्या राखीव यादीत घातलं होतं. एक दिवस दाराच्या फटीतून कागद आला, कन्नडमध्ये, खाली शिक्का मारायचा तेवढा राहिलेला: मंगळवारच्या सरावाला आपण गैरहजर होता, तीन दिवसांत लेखी कारण कळवावे. अय्यो, मी आठवी नापास. मला तो वाचायलाच दोन दिवस लागले, मी उत्तर कधी लिहिणार? तिसऱ्या दिवशी मी आपली सुम्ने, नुसतीच, जाऊन उभी राहिले. त्या म्हणाल्या, हजर झालीस ना, झालं, फाईल हलली.

फाईल हलली पाहिजे, हे त्यांचं नेहमीचं. दूध नासलं तरी तेच, कुणाचं लग्न ठरलं तरी तेच.

माझ्यासारखी भित्री बाई तुम्हाला विजयनगरात दुसरी मिळायची नाही. पालीला भिते, लिफ्टला भिते, कुकरच्या शिट्टीला भिते, नि चिन्नी झाल्यापासून तर ती शिंकली तरी माझ्या छातीत धडधडतं. तशीच मला त्यांनी चामुंडी बेट्टाला, देवीच्या डोंगरावर, नेली. हजार पायऱ्या. बायका नवस बोलतात नि प्रत्येक पायरीला वाकून हळदकुंकू लावत चढतात, तसं अक्कांनी सुरू केलं, पण पाठीवर ती दहा किलो रागी. म्हणाल्या, देवीचंही होतं नि गुडघ्याचंही होतं. आता पाठीवर ओझं घेऊन, न थांबता, इतकी म्हातारी बाई पायरी पायरी पूजतेय म्हटल्यावर लोकांना काय वाटणार? मागं रांग लागली. एका बाईनं तर पायच धरले, पोराला नोकरी लागू दे म्हणून. अक्कांनी तिला उठवून सांगितलं, अर्ज आणून द्या, बघू.

मी तीनशेव्या पायरीला बरगडी धरून खाली बसले. श्वासच पुरेना. अक्का माझं मनगट धरून घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुझे पाय चांगलेत गे. तुला धाप चढल्यानं लागत नाही, भ्याल्यानं लागते. ऊठ."

उठले. हजार झाल्या त्या दिवशी. खोटं नाही सांगत.

गाईड दिनेश म्हणून होता, तिकडचाच पहाडी माणूस. दर रविवारी अक्का त्याला फोन लावणार, आवाज मोठा करून, म्हणजे आम्हालाही ऐकू. भैय्या, ऊपर मोसरन्ना मिलेगा क्या? मोसरन्ना म्हणजे दहीभात हे त्याला समजावण्यात अर्धा तास गेला. तो म्हणाला, मॅडमजी, वर इतकी थंडी की दही लागतच नाही. अक्का म्हणाल्या, विरजण हम लाएगा, झोपायच्या पिशवीत हम लेके सोएगा, आप बस दूध देखो. मग त्याचं गाईडपणाचं सर्टिफिकेट मागवलं, तेही अटेस्ट करून. त्यानं बिचाऱ्यानं पाठवलं की. तेव्हापासून तो फोन उचलताना उभा राहत असणार, मला खात्री आहे.

तर दरवर्षी अक्का पाच बायकांची तुकडी जमवायच्या नि दरवर्षी ती मोडायची. ह्या वर्षी तारीख ठरली, पैसे भरले, तरी मोडली. एकीचा गुडघा, एकीच्या लेकीचं बाळंतपण, एकीच्या नवऱ्यानं नाही म्हटलं, नि चौथीनं काही कारणच दिलं नाही, नुसता फोन बंद. प्रत्येकीच्या नावापुढे अक्कांनी 'कारण मान्य' लिहिलं, चौथीच्यासुद्धा. दिनेश म्हणाला, मॅडमजी, काळजी नको, तुम्ही एकट्या या, दुसऱ्या तुकडीत घालतो, दिल्लीच्या एक बाई आहेत, तंबू दोघींचा, तुम्ही त्यांच्याबरोबर झोपा.

अक्का म्हणाल्या, विचार करून कळवते.

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना पाठ मोकळी. तिसऱ्या दिवशीही मोकळी. चौथ्या दिवशी ती सगळी रागी दळून डब्यातून आमच्या घरी आली, मुद्द्याच्या गोळ्यांचं पीठ म्हणून. आत्याबाई डब्याकडे बघत बसल्या, मग म्हणाल्या, जा, बघून ये तिला.

गेले. अक्का लाल फीत बांधत होत्या. मी विचारलं, दिल्लीच्या बाईबरोबर का नाही जात? चांगली असेल की ती. अक्का म्हणाल्या, फाईल बंद. मी म्हटलं, लेखी कारण द्या.

कुठून आलं माझ्या तोंडात, देव जाणे. त्या हसल्या नाहीत. फीत सोडली, परत बांधली.

म्हणाल्या, "हे गेले तेव्हा मी शेजारीच झोपलेले. मला कळलं नाही गे. सकाळी चहा केला, हाक मारली, तेव्हा कळलं. तेव्हापासून मला झोपेत जाग येते नि मी विचारते, अहो, आहात ना? माझं मला कळायच्या आत तोंडातून गेलेलं असतं. घरी भिंती आहेत, ऐकून घेतात. तिथं त्या परक्या बाईला काय सांगू?"

घरी आले, चिन्नीला भरवलं, नि भरवता भरवताच आत्याबाईंना म्हटलं, सहा दिवस नि जायचे-यायचे वेगळे, चिन्नी राहील का तुमच्याजवळ? आत्याबाई म्हणाल्या, ती राहील, तू राहशील का? आमचे हे मेटगळ्ळीहून कारखान्यातली पाळी संपवून आले तर हसायला लागले. स्टुलावर चढून डबा काढत नाहीस तू, हिमालय चढणार? मी म्हटलं, डबा तुम्हीच काढा, हिमालय मी बघते.

तंबूत तुमच्याशेजारी मीच, हे अक्कांनी ऐकलं नि आनंदबिनंद काही दाखवला नाही. फाईल उघडली, राखीव यादीतलं माझं नाव खोडून वरच्या यादीत लिहिलं, वजन विचारलं, डॉक्टरच्या कागदाची तारीख दिली. तरी माझ्यावर भरवसा नव्हताच. रविवारी भाड्याचा तंबू आणून गच्चीत उभा केला नि मला सराव म्हणून आत झोपायला सांगितलं. भर दुपारी चार वाजता. वाळत घातलेल्या चादरी बाजूला सारून आम्ही दोघी आडव्या पडलो, मधे चिन्नी, तिला वाटलं खेळ आहे. आत इतकं उकडत होतं की हिमालयाचं नाव काढवेना. चिन्नी खेळता खेळता झोपली. अक्काही डोळे मिटून पडल्या होत्या. मला वाटलं डोळा लागला.

तेवढ्यात मिटल्या डोळ्यांनीच, अगदी हळू, जसं कुणी उठू नये म्हणून बोलावं तसं, त्या म्हणाल्या, "अहो, आहात ना?"

जरा वेळानं मी म्हटलं, "आहे."

अक्का म्हणाल्या, "उत्तराला उशीर झाला. पुन्हा."

त्यांनी पुन्हा विचारलं. मी लगेच म्हटलं, आहे. मी वळून बघितलं तर अक्कांचं तोंड जरासं उघडं, हात चिन्नीच्या पायावर, नि घोरणं सुरू.