ताईची वाट

पाच वाजता ताई येणार होती आणि फाटकापासून दारापर्यंत नुसती माती होती.

"आज तिच्या तोंडून 'छान' वदवलं नाही, तर तिची बहीण म्हणवून घेणार नाही," बाई म्हणाल्या. चाळीस वर्षांत धाकट्या बहिणीच्या पडद्याला, रांगोळीला, नवऱ्याला, कशालाच ताई छान म्हणाली नव्हती.

नवरा नकाशे काढून निवृत्त झालेला. "सरळ वाट म्हणजे गटार," ते म्हणाले. "वाट कशी, लाजत मुरकत दारी यावी!"

त्यांनी पाणी घालायचा हिरवा पाइप मातीवर पसरला. एक वळण दिलं, मागं सरून पाहिलं, दुसरं दिलं. वळत वळत पाइप दाराशी टेकला. मग माळ्याला फोन. "पाइप जाईल तशी विटांची वाट, दोन्हीकडं फुलं. पाइपाला हात लावायचा नाही आणि डोकं तर मुळीच लावायचं नाही." एवढं बजावून ते अंघोळीला गेले.

स्वयंपाकघराच्या खिडकीखाली शेवंतीची, सदाफुलीची रोपं माना टाकून बसली होती. बाईंचा जीव कळवळला. त्यांनी पाइपाचं टोक तिकडं ओढलं, नळ सोडला. रोपं प्याली, टवटवली. नळ बंद झाला. पाइप तिथंच राहिला. आणि दाराशी ठेवायच्या कुंड्या आणायला दोघं घाईघाईनं स्कूटरवर निघाली.

कुंड्या पसंत करण्यात दिवस गेला; साडेचारला परतली, तर वाट तयार! फुलं दुतर्फा हसत होती. फाटकातून निघालेली वाट मुरकत आली आणि दाराजवळ नाक मुरडून थेट स्वयंपाकघराच्या खिडकीला गेली.

"हे काय?"

"वाट," माळी घाम पुसत म्हणाला. शेजारी त्याची बायको हाताची माती झटकत होती.

"खिडकीत?"

"मीही हिला तेच म्हणालो. ही म्हणाली, मोठ्या लोकांचं वेगळं असतं."

"तुम्हीच म्हणालात ना, डोकं लावू नका?" माळीणबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"पाइप हलवला कोणी?"

"रोपं तहानली होती हो," बाई पुटपुटल्या.

"उपटा! शेवटच्या विटा तेवढ्या उपटा!"

फाटक वाजलं. ताई!

बाई धावत स्वयंपाकघरात शिरल्या. ताईनं दाराकडं पाहिलंही नाही. एका फुलाशी वाकली, दुसऱ्याला गोंजारलं, गुणगुणत वळणं घेत ती खिडकीशी येऊन उभी राहिली.

"उघड गं."

"ताई, ही खिडकी आहे."

"दिसतंय मला. गज नाहीत ना? मग स्टूल दे."

"ताई, गुडघे!"

"गुडघे माझे आहेत. भावोजी, बघत काय उभे राहिलात? हात द्या!"

भावोजींनी हात दिला, माळीणबाईंनी पाठीला रेटा दिला, आणि ताई ओट्यावर अवतरली. पदर सावरून तिनं मागं वळून वाट न्याहाळली.

"वाट छान आहे गं," ताई म्हणाली. "दार तेवढं चुकीच्या जागी बांधलंय तुम्ही."

बाईंना पुढचं ऐकूच आलं नाही. त्यांनी ताईच्या गळ्यात हात टाकले होते.

माळ्याला मात्र आलं. "साहेब," तो खालून म्हणाला, "गवंड्याला बोलावू?"