सगळ्यात स्वच्छ खडा

जावईबापूंनी काचेच्या कपाटातल्या हिरव्या खड्यावरून बोट फिरवलं, ते मावशींच्या नाकासमोर धरलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

"बोट," मावशी म्हणाल्या.

बोटावर धूळ होती. सकाळी दहाला दुकान उघडलं तेव्हा मावशींनी तोच खडा स्वतःच्या हाताने पुसला होता, आणि आता कुठे साडेबारा वाजत होते. मावशींनी बोटाकडे पाहिलं, खड्याकडे पाहिलं आणि फडकं आणायला गेल्या. बावीस वर्षं त्या या रत्नांच्या दुकानात पुसापुशी करत होत्या. इतक्या वर्षांत त्यांच्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि आता ठेवलं ते असं धुळीत बुडवून.

जावईबापू म्हणजे दुकानाच्या मालकांचे जावई. मालकांनी तीन महिन्यांपूर्वी गल्ला त्यांच्या हाती दिला आणि स्वतः फक्त संध्याकाळी पाचला चहापुरतं यायचं ठरवलं. माणूस वाईट नव्हता. फक्त सासऱ्यांच्या दुकानात आपलं असं काहीतरी करून दाखवायची त्याला घाई झाली होती, आणि घाईतल्या माणसाच्या आसपास राहणाऱ्यांचे जे हाल होतात ते मावशींचे होत होते.

करून दाखवायचं म्हणून जावईबापूंनी बारा टुर्मलीन आणले होते. दुकानात हा खडा याआधी कधी ठेवलेला नव्हता. गुलाबी, हिरवे, निळे, एक डांबरासारखा काळा, एक तर आतून गुलाबी आणि कडेने हिरवा, थेट कलिंगडाची फोड. जावईबापू येईल त्या गिऱ्हाइकापुढे हिरवा खडा फिरवून दाखवत. समोरून हिरवा दिसणारा खडा आडवा धरला की तपकिरी दिसे. "एकाच खड्यात दोन रंग! आहे की नाही गंमत?" मधोमध मात्र त्यांचा लाडका बसला होता, सुपारीएवढा लालबुंद खडा. तो त्यांनी बाजारात स्वतः निवडला होता. "हा कसाही फिरवा, एकच रंग. प्रामाणिक खडा आहे," असं ते अभिमानाने सांगत.

खडे झळकावेत म्हणून कपाटात चार दिवेही नवीन लावले होते. बाहेर रस्ता खणून ठेवलेला, त्यामुळे धूळ सगळीकडेच होती. पण शेजारच्या कपाटातल्या पुष्कराजावर ती बसत नव्हती. ती बसायची ती टुर्मलीनवरच.

दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी लोकरीचं फडकं आणून दिलं. "नुसतं फिरवू नका मावशी. रगडा!"

मावशींनी रगडलं. मनगट दुखेपर्यंत रगडलं. दुपारी धूळ दुप्पट.

तिसऱ्या दिवशी धूळ नीट दिसावी म्हणून जावईबापूंनी दिवे बदलून आणखी मोठे लावले. दिवे इतके तापत की कपाटाला हात लावला तर चटका बसे. धूळ आता खरोखरच नीट दिसू लागली, कारण ती तिप्पट झाली होती.

"मावशी, रागावू नका," जावईबापू म्हणाले, "पण तुमचे डोळे एकदा दाखवून या."

मावशी रागावल्या नाहीत. त्या घाबरल्या. रात्री लेकीकडून सुई मागून घेतली आणि दोरा ओवून पाहिला. ओवला गेला, पण मनाला पटेना. आपल्याला दिसतं असं वाटतंय आणि खरं दिसतच नसेल तर? आयुष्यभर ज्या हातांवर भरवसा ठेवला ते हातच फसवू लागले, तर माणसाने कुणाला विचारायचं? चौथ्या दिवशी त्या चष्म्याच्या दुकानात गेल्या. तिथल्या डॉक्टरने फळ्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचायला सांगितली. मावशींनी ती धडाधड वाचली आणि म्हणाल्या, "फळ्याच्या वरच्या कडेला धूळ आहे बघा. तेवढी पुसून घ्या."

डोळे उत्तम असल्याचा कागद त्यांनी मोठ्या आशेने जावईबापूंपुढे ठेवला. जावईबापूंनी तो वाचला आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"म्हणजे तुम्हाला दिसतं, तरी तुम्ही पुसत नाही!"

जावईबापूंनी लाल खड्याकडे बोट दाखवलं. तो आरशासारखा लखलखीत होता, वर कण नव्हता. "हा कसा स्वच्छ राहतो? याला जमतं मग बाकीच्या अकरांना काय झालंय? मोठा म्हणून हाच तेवढा पुसता ना?"

"सगळे सारखेच पुसते हो साहेब," मावशी म्हणाल्या.

त्याच वेळी एक बाई आत आल्या. लेकीला वाढदिवसाला द्यायला त्यांना गुलाबी खडा हवा होता. कपाटात वाकून पाहिलं आणि सहज म्हणाल्या, "बरेच दिवस विकले गेलेले दिसत नाहीत." जावईबापू खुलासा करेपर्यंत त्या पायरी उतरून गेल्याही.

"मावशी," जावईबापू दाराकडे बघत म्हणाले, "शनिवारपर्यंत या. पुढच्या आठवड्यापासून मी दुसरं कुणी बघतो."

मावशींनी मान हलवली. घरी सांगितलं नाही. बावीस वर्षांचं काम धुळीपायी गेलं हे लेकीला कोणत्या तोंडाने सांगायचं?

शुक्रवारी दुपारी पैलूकाका आले. ते खड्यांना पैलू पाडत, म्हणून सगळे त्यांना पैलूकाकाच म्हणत. घासून झालेले खडे द्यायला आले होते. मावशी डोळ्यांतलं पाणी आवरत कपाट पुसताना दिसल्या, तेव्हा त्यांनी काय झालं ते विचारलं, आणि ऐकता ऐकता त्यांना हसू फुटलं.

"अहो, पुसून कशी जाईल? टुर्मलीन आहे तो! तापला की धूळ ओढतो. रगडला तरी ओढतो. आणि तुम्ही वर हे दिवे पेटवलेत!"

जावईबापू पुढे आले. "म्हणजे?"

पैलूकाकांनी गल्ल्यावरच्या कागदाचे बारीक तुकडे केले, दिव्याखाली तापलेला हिरवा खडा चिमट्याने उचलला आणि तुकड्यांजवळ नेला. दोन तुकडे टुणकन उडून खड्याला चिकटले. मावशींनी पदराने डोळे पुसून परत पाहिलं. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"धूळ बसतेय यातच आनंद माना," पैलूकाका म्हणाले. "माल खरा आहे."

तिघांचेही डोळे हळूहळू एकाच जागी जाऊन थांबले. अकरा खड्यांवर धूळ होती. मधला लाल खडा लखलखत होता.

पैलूकाकांनी तो उचलला. आडवा धरला, उभा धरला. रंग बदलला नाही. मग भिंग डोळ्याला लावलं. "आत गोल बुडबुडा आहे," ते शक्य तितक्या मायेने म्हणाले. "काच आहे. पण काच म्हणून फार सुंदर आहे हो."

ते निघून गेले तेव्हा साडेचार वाजले होते. जावईबापू स्टुलावर बसून राहिले. आठवडाभर गावाला गेलेले सासरे अर्ध्या तासात येणार, आणि नवे खडे पहिल्यांदाच बघायला आल्या आल्या कपाटाशी जाणार. स्वतः निवडला म्हणून ज्याची मिजास केली, तो एकटाच लखलखणारा खडा त्यांच्या एका नजरेत उघडा पडणार.

"मावशी, शनिवारचं विसरा. चुकलंच माझं," ते म्हणाले. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "एक काम कराल? त्या लाल खड्यावर जरा धूळ टाकाल का? थोडीशीच. बाकीच्यांसारखी दिसेल एवढी."

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. चार दिवसांचा राग काढायची अशी संधी पुन्हा आली नसती. पण समोर बसलेल्या माणसाचा घाबरलेला चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. चष्म्याच्या दुकानातल्या आरशात त्यांनी तो बुधवारी पाहिला होता.

"बावीस वर्षं धूळ काढतेय मी, साहेब," त्या म्हणाल्या. "टाकायची कशी ते मला येत नाही. तुम्ही सांगून टाका. मी इथेच आहे."

पाचला मालक आले. चहा तसाच ठेवून कपाटाकडे वळले, तोच जावईबापू उभे राहिले. "तो मधला खडा काच आहे. मी फसलो."

मालकांनी खडा हातात घेतला, उजेडात धरला. "कळलं कसं?"

"बाकी सगळ्यांवर धूळ बसली, याच्यावर बसली नाही," जावईबापू म्हणाले. "मावशींनी सगळे खडे सारखेच नीट पुसले होते, म्हणून कळलं."

"त्या नीट पुसतात हे मला माहीत आहे," मालक म्हणाले. "तुम्हाला कधी कळलं?"

"आज दुपारी," जावईबापू म्हणाले.