दुरुस्तीआधीचा फोटो

शाश्वत विकासाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमात चिऊचा दुसरा नंबर होता आणि पहिला होता शेजारच्या घरातल्या चुलत बहिणीचा, राणीचा. एखादी अनोळखी मुलगी पुढे असती तर चिऊने मोठ्या मनाने कौतुक केलं असतं. राणी म्हटल्यावर मात्र तिचा नुसता जळफळाट होत होता. मोडकी वस्तू दुरुस्त करून आधीचा आणि नंतरचा फोटो चढवला की एक गुण मिळे. चिऊला अजून दोन हवे होते आणि आज संध्याकाळी सहाला मुदत संपत होती.

पण घरात मोडकं काही सापडेना. बाबांचं मिक्सर, इस्त्री दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे घरात काही कुरकुरलं की ते तिथल्या तिथे आवळून टाकत.

"राणीकडे बरं रोज काहीतरी मोडतं," चिऊ म्हणाली.

"तिची आई आदळआपट कमी करते का?" जावेची पोर पुढे गेलेली आईलाही खुपत होती. "थांब, आपणही मोडू."

मायलेकींनी पर्यावरणासाठी धडधाकट स्टुलाचा पाय उपटला. चिऊ फोन आणायला आत गेली, तेवढ्यात बाबा जेवायला आले. ती परतली तेव्हा ते त्याच स्टुलावर बसून हात पुसत होते.

"पाय निखळला होता, ठोकला," ते म्हणाले.

मग टेबलफॅनची वायर ओढून काढली. चिऊ फोन उघडते तोवर बाबांनी ती जोडून पंखा सुरूही केला होता. शेवटी आईने मन घट्ट करून माहेरच्या पेटीची कडी उचकटली. या खेपेला फोन तयार होता, पण बाबा असे आडवे बसले की फोटोत त्यांची पाठच आली.

सहा वाजले आणि राणी पहिली आली.

"बाबा, जरा दम धरायचा होतात," चिऊ रडवेली होऊन म्हणाली. "तिला कसं जमतं सगळं?"

"रोज दुकानात येते ना ती, घरातलं काहीतरी घेऊन. आधी म्हणते, काका, हात लावू नका, फोटो काढू दे."

"म्हणजे तिचं सगळं तुम्ही केलंत?"

"पहिल्या दिवशी केलं. मग तिनेच माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला. आता मीटर लावून बिघाडसुद्धा शोधते." बाबांचा चेहरा खुलला होता. राणीच्या नंबराने जळली नव्हती इतकी चिऊ ते बघून जळली.

"मला का नाही शिकवलंत?"

"तू कधी आलीस दुकानात?" बाबांनी सहज विचारलं.

दुसऱ्या दिवशी चिऊने दुकान उघडायच्या आधीच पायरी गाठली. स्पर्धा संपली होती, तरी राणी तिथे येऊन बसलेलीच होती.