तुपातलं कुंकू आणि पुढची दोन चाकं

"लॅबमध्ये कशाला झोपतोस लेका? आपल्याकडे फोर-व्हील आहे."

एकनाथ सबनीस फोनवर एवढं बोलले आणि प्रतापची पीएच.डी. त्यांच्या हवाली झाली. मिशिगनमधला जानेवारी, साल चौऱ्याऐंशी. बुधवारी सकाळी अकराला प्रतापचा डिफेन्स होता, म्हणजे आपल्याकडची तोंडी परीक्षा. त्याचे गाइड गुरुवारी वर्षभरासाठी जर्मनीला जाणार होते. बुधवार हुकला की वर्ष गेलं, आणि टेक्सासमध्ये ठरलेली नोकरीही गेली. बर्फाचा अंदाज ऐकून पोरगं बिचारं आदल्या रात्री लॅबमध्येच टेबलावर झोपणार होतं. पण सबनीसांचं घर युनिव्हर्सिटीपासून अठरा मैलांवर असलं तरी त्यांच्या गॅरेजमध्ये फोर-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी गाडी होती, आणि त्यांच्या पत्नी मालिनीकाकूंचं म्हणणं असं की परीक्षेला जाणाऱ्यानं घरचं दही खाऊन निघावं.

ही गाडी सबनीसांनी नोव्हेंबरात सेकंडहँड घेतली होती. त्या दिवसापासून ते माणसांची दोन गटांत विभागणी करायचे, फोर-व्हीलवाले आणि इतर. एकदा त्यांचा मित्र श्रीरंग याची मोटार पार्किंगमध्ये रुतली होती, ती यांनी दोर बांधून ओढून काढली. मागून पाच जण ढकलत होते, पण त्या पाचांचं नाव नंतर कुठे निघालं नाही.

गाडी आली त्या दिवशी मालिनीबाईंनी ड्राइव्हवेवर तिची साग्रसंगीत पूजा केली. नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि चारही चाकांच्या मधोमध तुपात कालवलेल्या कुंकवाचं जाडजूड स्वस्तिक काढलं. मिशिगनच्या थंडीत ते तूप असं काही गोठलं की कुंकू दगडासारखं बसलं. कारवॉशला गेलं की सबनीस खिडकीतून डोकं काढून सांगायचे, "चाकाच्या मध्ये ब्रश नको." गाडीबरोबर मिळालेलं माहितीपुस्तक त्यांनी डॅशबोर्डच्या खणात ठेवलं होतं. त्यावर गणपतीचा फोटो ठेवला होता, त्यामुळे ते पुन्हा बाहेर काढायचा प्रश्नच नव्हता.

बुधवारी उजाडलं तर बाहेर दोन फूट बर्फ. रेडिओवाला घसा ताणून सांगत होता, घरी बसा. प्रताप सूट घालून, थीसिसच्या तीन कॉपी छातीशी धरून दारात उभा होता. त्याचा चेहरा दह्यापेक्षा पांढरा झाला होता.

"काका, हायवेनं जाऊ ना. तिथं बर्फ काढायचा प्लाऊ तरी फिरवलाय."

"हायवेवर ट्रॅफिक असणार. आपण शेतांमधल्या रस्त्यानं जाऊ, शॉर्टकट आहे. कशाला घेतलीय ही गाडी?"

काकूही शिऱ्याचा डबा घेऊन मागे बसल्या. परीक्षा घेणाऱ्यांना काहीतरी गोड द्यायला हवं, असं त्यांचं ठाम मत होतं.

शेतांचा रस्ता लागल्यावर सबनीसांनी गाडी थांबवली, गिअरशेजारचा फोर-व्हीलचा छोटा दांडा देवळातली घंटा वाजवावी इतक्या भक्तीनं ओढला आणि म्हणाले, "आता बघ." गाडी शंभर यार्ड गेली, बर्फाच्या ढिगात नाक खुपसून थांबली, आणि मागची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. सबनीसांनी आणखी जोर दिला. गाडी आणखी खाली बसली.

"अहो, बसतीय ती," काकू म्हणाल्या.

"बसत नाहीये, पकड घेतीय."

नऊ वाजले. प्रतापनं सूटच्या पँटमध्ये गुडघाभर बर्फात उभं राहून ढकललं. चाकांनी त्याच्या अंगावर कोटापासून टायपर्यंत बर्फ उडवला. मग चाकांखाली पायपुसणी घातली, ती चाकांनी मागे शेतात भिरकावली. काकूंची शाल घातली, ती आत ओढली गेली आणि तिची चिंधी बाहेर आली. साडेनऊ झाले. मैलभरात एक माणूस दिसेना.

सबनीसांची नजर थीसिसकडे गेली.

"काका, नाही."

"अरे, तीन कॉपी आहेत ना? तिसरी कोण वाचतं?"

"पहिली तरी कोण वाचतं काका, पण म्हणून..."

"विषय काय रे तुझा?" काकूंनी विचारलं.

"ओल्या पृष्ठभागांमधलं घर्षण," प्रताप पडेल आवाजात म्हणाला.

"मग झालं की. अगदी वेळेवर उपयोगी आलं."

दोनशे चौदा पानांची तिसरी कॉपी चाकाखाली गेली. सबनीसांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. घर्षणावरचा चार वर्षांचा अभ्यास काडीचंही घर्षण न होता सरकन मागे गेला आणि पानं शेतभर पसरली. प्रताप ती गोळा करायला धावला, चार पावलांवर घसरून पडला आणि तिथंच बसून राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते बर्फानं आलेलं नव्हतं.

सबनीसांनी इंजिन बंद केलं. पोरगं सुखानं लॅबमध्ये झोपलं असतं तर आत्ता फळा पुसत असतं. आपण त्याला ओढून आणलं. यवतमाळला त्याचे वडील शाळामास्तर, त्यांना काय तोंड दाखवायचं? वीस वर्षं या देशात काढली, पण कुणाकडे मदत मागायची वेळ आली नाही, असं ते अभिमानानं सांगत. आता मागायची तयारी होती, तर मागायला माणूस नव्हता.

आणि देव पावला. समोरच्या शेतातून एक जुनाट लाल ट्रॅक्टर धडधडत आला. वर सत्तरीची म्हातारी, पुरुषी ओव्हरऑल्स, म्हणजे छातीपर्यंतची कामाची विजार घातलेली. खाली उतरून तिनं आपलं नाव सांगितलं, मिसेस हॅन्सन. खिडकीतून अर्ध्या तासापासून पाहतेय म्हणाली, कोणीतरी शेतात कागद पेरतंय.

"साखळी बांधून ओढाल का? फार उपकार होतील," सबनीस म्हणाले.

 म्हातारीनं गाडीला एक फेरी मारली आणि ती पुढच्या चाकाशी वाकली.

"हे लाल काय आहे?"

"ते शुभ असतं. गाडी सुरक्षित राहावी म्हणून."

"बरं. थोडं खरवडू का? देव रागावणार नाही ना?"

सबनीसांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान डोलावली. म्हातारीनं खिशातल्या चाकूनं तूप-कुंकू खरवडलं. खालून एक गोल बटण निघालं, त्यावर दोन शब्द कोरलेले होते, फ्री आणि लॉक. काटा फ्रीवर होता. तिनं बटण फिरवलं. कट्. पलीकडे जाऊन दुसरं फिरवलं. कट्.

"नुसता दांडा ओढून भागत नाही," ती म्हणाली. "खाली उतरून ही दोन्ही लॉकवर फिरवावी लागतात. नाहीतर पुढची चाकं नुसती सोबतीला येतात. जा आता, हळू."

सबनीसांनी हळू क्लच सोडला. गाडी चारही पायांवर उठली आणि काही झालंच नाही अशा थाटात ढिगातून बाहेर आली. साखळीला हातही लावावा लागला नाही.

शेतभर पसरलेली पानं सगळ्यांनी गोळा केली, क्रमानं लावली आणि गाडी पुन्हा निघाली.

"म्हणजे अहो, नोव्हेंबरपासून..." काकूंनी सुरुवात केली.

"कुंकू कोणी लावलं होतं?"

"पुस्तक कोणी वाचलं नव्हतं?"

"काका, दहा वाजून वीस मिनिटं झालीत," प्रताप म्हणाला. 

अकराला पाच कमी असताना प्रताप वर्गात शिरला. पँटमधून पाणी ठिबकत होतं. गाइडनी तिसरी कॉपी उघडली, तर एकशे बाराव्या पानावर टायरचा ठसा. "हे काय?" त्यांनी विचारलं. प्रताप म्हणाला, "आज सकाळचा प्रयोग आहे, सर. निष्कर्ष नकारात्मक आला." सगळे हसले, आणि प्रतापची भीती तिथंच गेली. एकला तो डॉक्टर होऊन बाहेर आला आणि ओल्या कपड्यांनिशी दोघांच्या पाया पडला. "फोर-व्हीलमुळे पोचलो, काका," तो म्हणाला. सबनीसांना हुंदका आवरेना. पोरगं मनानं मोठं होतं.

रविवारी तिघंही पुरणपोळ्या घेऊन मिसेस हॅन्सनकडे गेली. श्रीरंगलाही मुद्दाम बरोबर घेतलं होतं, आणि सबनीसांनी त्याच्यादेखत, काही न लपवता, सगळी हकिकत सांगितली.

"तुमच्यामुळे या मुलाचं वर्ष वाचलं. तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही," ते म्हणाले.

"मी काय केलं? दोन बटणं फिरवली," म्हातारी म्हणाली. तिनं दुसरी पुरणपोळी घेतली.

काकूंनी तिची ओटी भरली. ओव्हरऑल्सना पदर नसल्यामुळे नारळ आणि तांदूळ खिशात गेले. मग कुंकवाची वाटी घेऊन काकू थेट गोठ्याकडे निघाल्या आणि ट्रॅक्टरच्या भल्यामोठ्या चाकापुढे उभ्या राहिल्या. या खेपेला तूप त्यांनी भरपूर घेतलं होतं.

सबनीस लगबगीनं पुढे झाले. "मालिनी, थांब. आधी विचार तरी."

मिसेस हॅन्सननं त्यांचा दंड धरून त्यांना मागे ओढलं.

"लावू दे तिला," ती हळूच म्हणाली. "माझ्या चाकात फिरवायचं काही नाही."